काळ्या मातीवरची हिरवळ

यवतमाळ जिल्ह्याच्या ईशान्य भागात वर्धा नदीच्या अंगाने पसरलेला राळेगाव तालुका हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख आहे आणि येथे घरापुढच्या मोकळ्या जागेला पिढ्यान्‌पिढ्या अंगणाचेच रूप राहिले आहे. चोपून घट्ट केलेली, शेणाने सारवलेली, डाळी-धान्य वाळवायला मोकळी ठेवलेली ती जमीन असे. अलीकडच्या काळात गावांच्या कडेने लेआउट पडले, प्लॉटवर बंगलेवजा घरे उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर घरापुढे हिरवळ असावी ही इच्छाही रुजली. उन्हाळ्यातील धूळ आणि तापलेल्या फरशीची धग कमी व्हावी, मुलांना पडले तरी न लागणारी जागा मिळावी, डोळ्यांना गारवा वाटावा, ही त्यामागची कारणे रास्त आहेत. मात्र कोणते गवत लावावे हा निर्णय बहुधा रोपवाटिकेत किंवा छायाचित्रात पाहिलेल्या रंगावरून घेतला जातो, आणि राळेगावसारख्या ठिकाणी नेमका रंग हाच सर्वांत फसवा निकष आहे, कारण जून ते डिसेंबर या काळात येथे जवळपास कोणतेही गवत हिरवे राहते आणि खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते.

ही परीक्षा कशी असते हे समजण्यासाठी गवत वाढते कसे हे आधी पाहावे लागते. बहुतेक झाडांचा वाढीचा कोंब शेंड्याला असतो, म्हणून शेंडा खुडला की त्या फांदीची सरळ वाढ थांबते. गवतात मात्र पानाची वाढ तळातून होते, वाढीचा बिंदू जमिनीलगत सुरक्षित राहतो आणि वरचे पाते कापले किंवा जनावराने चरले तरी खालून नवे पाते वर सरकत राहते. गवत चराई सोसते ते याच रचनेमुळे, आणि हिरवळ ही मुळात यंत्राने केलेली चराईच आहे. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र तयार केले आणि मेंढ्या किंवा विळेवाले न ठेवता सामान्य घरापुढेही सपाट हिरवळ राखणे शक्य झाले. त्या देशात वर्षभर थोडाथोडा पाऊस पडतो, उन्हाळा सौम्य असतो आणि ढगाळ दिवस पुष्कळ असतात. तेथील हिरवळीची कल्पना इंग्रजी अमलाबरोबर आपल्याकडील बंगल्यांत आणि कचेऱ्यांत आली, पण तिच्याबरोबर तेथील हवा आली नाही.

हवेचा हा फरक गवताच्या शरीरात किती खोल जातो, ते १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे हॅच आणि स्लॅक या संशोधकांनी उसावर केलेल्या कामातून स्पष्ट झाले. हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून साखर तयार करण्याचे दोन मार्ग गवतवर्गात आढळतात. पहिल्या मार्गात पकडलेल्या कार्बनचा पहिला पदार्थ तीन कार्बनचा असतो, म्हणून अशा वनस्पतींना ‘सी-३’ म्हणतात. दुसऱ्यात तो चार कार्बनचा असतो, म्हणून त्या ‘सी-४’. सी-३ वनस्पतींमध्ये तापमान वाढत गेले की कार्बन पकडणारे विकर चुकून ऑक्सिजनच पकडू लागते आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा भाग वाया जातो. सी-४ वनस्पती आधी कार्बन डायऑक्साइड एका आतल्या पेशीस्तरात साठवून दाट करतात, त्यामुळे ही चूक होत नाही, आणि पानांची रंध्रे कमी उघडूनही त्यांचे काम भागते, म्हणजेच तेवढ्याच वाढीसाठी पाणी कमी उडते. शेतकऱ्याला हा फरक अनुभवाने ठाऊक आहे. गहू सी-३ आहे आणि त्याला रब्बीची थंडी लागते. ज्वारी सी-४ आहे आणि ती खरिपाच्या उष्म्यात जोमाने वाढते. हिरवळीच्या गवतांचीही अशीच दोन घराणी आहेत. केंटकी ब्लू, रायग्रास, फेस्क्यू ही थंड हवेची सी-३ गवते साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात सुखाने वाढतात, तर हरळी, झोयसिया, पास्पॅलम ही उष्ण हवेची सी-४ गवते २७ ते ३५ अंशांच्या दरम्यान सर्वांत जोमात असतात.

राळेगाव परिसरात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. ऑनलाइन मिळणाऱ्या आकर्षक पाकिटांतील बी पुष्कळदा थंड हवेच्या गवताचे असते. ते नोव्हेंबरात टाकले तर आठवड्या-दोन आठवड्यांत उगवते, डिसेंबर-जानेवारीत डोळ्यांचे पारणे फेडते आणि मार्चअखेर पाणी कितीही दिले तरी करपू लागते. यात माळ्याचा किंवा घरमालकाचा हलगर्जीपणा नसतो, त्या वनस्पतीची घडणच तशी असते. म्हणून निवडीची पहिली पायरी सरळ आहे : पाकिटावर ब्लूग्रास, रायग्रास किंवा फेस्क्यू असे नाव दिसले तर ते परत ठेवावे.

मग जे गवत इथलेच आहे ते लावावे, असा विचार साहजिकच मनात येतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील गवताळ आच्छादनांच्या अभ्यासात द्वीपकल्पाच्या बहुतांश भागाला सेहिमा-डायकँथियम असे नाव दिले आहे, म्हणजे पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या वर्गांवरून ओळखला जाणारा प्रदेश. यवतमाळच्या टेकड्यांवर आणि पडीक बरड जमिनींवर पवन्या, मारवेल, कुसळी, तिखाडी ही गवते आजही दिसतात, आणि ती या हवेला पूर्ण सरावलेली आहेत. परंतु त्यांतील बहुतेक ठोंब करून उंच वाढणारी गवते आहेत. एका ठोंबापासून दुसऱ्या ठोंबापर्यंत मोकळी जमीन राहते, त्यांना वारंवार आखूड कापणे सोसत नाही, आणि कुसळीची टोकदार कुसळे मुलांच्या पायांत रुततात. चाऱ्यासाठी आणि माती धरून ठेवण्यासाठी ती अमोल आहेत, घरापुढच्या हिरवळीसाठी नाहीत. हिरवळीला लागते ते रांगणारे गवत, जे जमिनीवरून धावत्या खोडांनी आणि जमिनीखालून आडव्या खोडांनी पसरते, पेरापेराला मुळे सोडते आणि फाटलेली जागा स्वतः भरून काढते. इथल्या परिचित गवतांत हे गुण पूर्णपणे एकत्र आलेले गवत एकच आहे, ते म्हणजे हरळी.

हरळीचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि जगभर हिरवळीच्या व्यापारात तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. देवाला वाहतात त्या दूर्वा म्हणजे तिचेच कोवळे, तीन पानांचे शेंडे. राळेगावहून यवतमाळकडे जाताना लागणाऱ्या कळंब येथील चिंतामणी हे विदर्भातील नामांकित गणेशस्थान आहे, आणि तेथे वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा ज्या गवताच्या, तेच गवत क्रिकेटच्या मैदानांवर आणि गोल्फच्या हिरवळींवर असते. मात्र कपाशीच्या शेतात याच गवताशी शेतकऱ्याचे वैर आहे. धुऱ्यावरून ते आत शिरते, वखराच्या पासेने त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नवे रोप बनतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करून, वर आलेल्या काश्या, म्हणजे जमिनीखालची आडवी खोडे, वेचून, उन्हात वाळवूनही ते पुरते जात नाही. शेतात ज्या चिवटपणामुळे ते नकोसे होते, त्याच चिवटपणासाठी ते अंगणात हवे असते. जमिनीखालच्या या काश्यांमध्ये पिष्टमय अन्न साठलेले असते. पाणी तुटले की वरची पाने वाळतात, गवत तपकिरी पडते, पण काश्या जिवंत राहतात आणि मृगाचा पाऊस पडताच आठ-पंधरा दिवसांत जमीन पुन्हा हिरवी होते. या विश्रांतीला सुप्तावस्था म्हणतात, आणि राळेगावात गवताची निवड करताना हा गुण सर्वांत वर ठेवायला हवा.

शेतातील वैराचा विचार घरमालकानेही करावा. प्लॉटला लागून शेत किंवा भाजीचा वाफा असेल, तर हरळीच्या कडेने दीड फूट खोल सिमेंटची किंवा दगडी पट्टी घालणे हे शेजारधर्माला धरून होईल, कारण एकदा काश्या पलीकडे गेल्या की पुढचे कष्ट शेजाऱ्याच्या माथी येतात.

हरळीचेही प्रकार आहेत. धुऱ्यावरून खणून आणलेली गावठी हरळी फुकट मिळते आणि मरत नाही, पण तिची पाने विरळ, पेरे लांब आणि पोत जरा खरखरीत असतो. आखूड कापत राहिले की वर्ष-दोन वर्षांत ती पुष्कळ दाट होते. बी टाकून लावायची असेल तर बर्म्युडाचे बी बाजारात मिळते. रोपवाटिकांत ‘सिलेक्शन वन’ या नावाने मिळणारी निवड बारीक पानांची आणि अधिक दाट असते, आणि घरगुती हिरवळीसाठी महाराष्ट्रात ती पुष्कळ वापरली जाते. त्यापुढची पायरी म्हणजे संकरित जाती. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या पैदासकाराने साध्या हरळीचा आफ्रिकेतील सायनोडॉन ट्रान्सव्हॅलेन्सिस या बारीक पानांच्या जातीशी झालेल्या संकरातून १९५६ मध्ये टिफग्रीन आणि १९६० मध्ये टिफवे या जाती दिल्या. या संकरांत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे त्यांना बी धरत नाही, म्हणून त्या काड्या लावूनच वाढवाव्या लागतात. ‘टिफवेचे बी’ म्हणून कोणी काही विकत असेल तर ते टिफवे नव्हे. त्यांचा गालिचा देखणा असतो, पण त्याची किंमत सेवेत मोजावी लागते : आठवड्यातून दोनदा कापणी, नियमित नत्र, चांगले धारदार यंत्र आणि सपाट जमीन. शहरातील क्लबला ते परवडते. राळेगावातील ज्या घरात कापणीचे काम सुटीच्या दिवशी घरचीच माणसे करणार आहेत, तेथे बारीक पानांची साधी हरळी हीच समंजस निवड होय.

आता मातीकडे वळले पाहिजे, कारण निवडलेले गवत कितीही चांगले असले तरी येथील जमीन त्याचा कस पाहते. दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या भारी काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याहून अधिक असू शकते, आणि त्यातील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट या गटातले असते. या खनिजाचे पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात. पाणी मिळाले की ते त्यांच्यामध्ये शिरते आणि माती फुगते, पाणी उडाले की माती आकसते आणि भेगाळते. एप्रिल-मे महिन्यांत हात जाईल एवढ्या रुंद भेगा शेतात पडतात, आणि हिरवळीतही पडल्या तर त्या मुळे ताणून तोडतात. पावसाळ्यात उलट अडचण येते : फुगलेल्या मातीत पाणी तासाला काही मिलिमीटरच मुरते, बाकीचे वर साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये गवत पिवळे पडते किंवा त्यावर बुरशीचे गोल डाग उमटतात.

यावर उपाय म्हणून मातीत वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो बहुधा चुकीचा ठरतो. भारी चिकणमातीत थोडी वाळू घातली तर वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि थर अधिकच कठीण होतो; तिला वाळूसारखी निचऱ्याची करायची तर तीन-चतुर्थांश भाग वाळूच घालावी लागेल, जे घरगुती जागेत खर्चिक आहे आणि वाळूच्या उपशामुळे नदीच्या दृष्टीने तर बिलकूल योग्य नाही. त्याऐवजी दोन इंच जाडीचा चांगला कुजलेला शेणखताचा किंवा कंपोस्टचा थर वरच्या सहा इंच मातीत मिसळावा. एका गुंठ्याला, म्हणजे १,०८९ चौरस फुटांना, यासाठी साधारण दोन ब्रास खत लागते. जमिनीला घरापासून दूर जाणारा, दर दहा फुटांना दीड-दोन इंचांचा उतार द्यावा. हे सारे काम वाफशावर, म्हणजे माती ओली पण हाताला न चिकटणारी असताना करावे. चिखलात फिरवलेले फावडे आणि रोलर मातीतील हवेच्या पोकळ्या कायमच्या दाबून टाकतात, आणि कोरड्या ठणक जमिनीत फावडे मुळी चालतच नाही.

काळ्या मातीत हिरवळ करताना एक काळजी गवतापेक्षा घरासाठी अधिक महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. जोत्याला लागून गवत लावले आणि रोज पाणी दिले, तर त्या बाजूची माती फुगलेली राहते आणि दुसऱ्या बाजूची आकसते. पायाखालच्या या असमान हालचालीतून भिंतींना तिरप्या भेगा पडतात. म्हणून भिंतीपासून तीन-चार फूट जागा मुरूम, फरशी किंवा गिट्टीची ठेवावी आणि हिरवळ तेथून पुढे सुरू करावी.

निवडीचा सर्वांत कठीण भाग पाण्याचा आहे. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर दिले तर ते एक लिटर होते. मे महिन्यातील विदर्भाच्या उन्हात आणि वाऱ्यात उष्ण हवेच्या गवताला पूर्ण हिरवे ठेवायचे असेल तर दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एका गुंठ्याला रोज सुमारे ५०० ते ६०० लिटर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाण्याचा निकष धरला आहे. याचा अर्थ एका गुंठ्याची उन्हाळी हिरवळ रोज दहा माणसांचे पाणी पिते. ज्या जिल्ह्यात २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह हे प्रकल्प आटून खुद्द यवतमाळ शहराला पाण्यासाठी तळमळावे लागले, तेथे हा हिशेब केल्याशिवाय गवत लावणे शोभणारे नाही. हरळीचा मोठेपणा इथेच कळतो. तिला झोपू दिले तर तीन-चार आठवड्यांतून एकदा बारा-पंधरा मिलिमीटर पाणी काश्या जिवंत ठेवायला पुरते, म्हणजे गुंठ्याला महिन्याकाठी १,२०० ते १,५०० लिटर. हिरवी ठेवायची तर तेवढ्याच काळात १५,००० लिटरच्या वर पाणी जाते. दहापट पाणी घालून मिळवलेला मे महिन्यातला हिरवा रंग आणि एप्रिलमध्ये पिवळे पडून जूनमध्ये आपोआप परतणारे गवत, यांतून निवड करायची तर दुसरे निवडावे, असे येथे स्पष्ट म्हणावेसे वाटते. ज्या घराला उन्हाळ्यातही बसायला हिरवा कोपरा हवाच असेल, त्याने दोनशे-तीनशे चौरस फुटांचा तुकडा हिरवा राखावा आणि बाकीचे अंगण झाडांना आणि मोकळ्या जमिनीला द्यावे.

पाणी देण्याची रीतही मातीवरून ठरते. भेगाळलेल्या जमिनीवर पाइप सोडला की पाणी भेगांतून थेट खाली उतरते आणि मुळांजवळची माती कोरडीच राहते, म्हणून आधी बारीक तुषारांनी थोडे पाणी देऊन भेगा मिटू द्याव्यात आणि तासाभराने उरलेले द्यावे. पहाटेची वेळ उत्तम; सायंकाळी दिलेले पाणी रात्रभर पानांवर राहून बुरशीला आमंत्रण देते. न्हाणीचे पाणी गवताला चालते, पण कपडे धुण्याच्या पाण्यातील सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करून पृष्ठभाग चिकट आणि टणक बनवतो, त्यामुळे ते रोज त्याच जागी सोडू नये. माती-परीक्षणात सोडियमचे प्रमाण वाढलेले आढळले तरच जिप्सम घालण्याला अर्थ असतो.

हरळीला एक गोष्ट मुळीच सोसत नाही, ती म्हणजे सावली. तिला दिवसाचे सहा-आठ तास थेट ऊन लागते. राळेगावच्या घराघरांत अंगणात कडुनिंब असतो, आणि त्याच्याखाली हरळी विरळ होत जाऊन शेवटी धूळच उरते. सावलीसाठी रोपवाटिकावाले रुंद पानांचे कार्पेट ग्रास, म्हणजे ॲक्सोनोपस कॉम्प्रेसस, सुचवतात. कोकणात ते उत्तम येते, कारण त्याला आम्लधर्मी, सदा ओलसर माती आवडते. राळेगावची माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे, तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो, आणि हवा आठ महिने कोरडी असते. त्यामुळे ते गवत येथे पाणीही फार पिते आणि पिवळेही पडते. अर्धसावलीत, जिथे तीन-चार तास ऊन येते, तिथे झोयसिया लावता येते.

झोयसिया या वर्गातील गवते आपल्याकडे ‘मेक्सिकन’ आणि ‘कोरियन’ अशा नावांनी विकली जातात. या नावांमागे कोणती जात आहे हे एका रोपवाटिकेहून दुसऱ्या रोपवाटिकेत बदलते, म्हणून नाव ऐकून न घेता वाफ्यातले वाढलेले गवत पाहून, हात लावून घ्यावे. सुईसारख्या अतिबारीक पानांची झोयसिया न कापता सोडली तर लाटांसारखे उंचवटे धरते आणि बागेच्या दगडांमध्ये सुंदर दिसते, पण त्यावर खेळता येत नाही. किंचित रुंद पानांची झोयसिया पायांखाली टिकते. हिची वाढ फार संथ असते. हरळी दोन-तीन महिन्यांत जमीन झाकते, तर झोयसियाला सहा महिन्यांपासून वर्षभर लागू शकते, आणि त्या काळात मधल्या जागेतले तण काढत बसावे लागते. उलट एकदा जमली की ती इतकी दाट होते की तणाला शिरकाव अवघड होतो आणि कापणीही निम्म्याने कमी लागते. ज्यांच्याजवळ धीर आहे आणि जागा लहान आहे, त्यांच्यासाठी ती चांगली. ज्या बोअरवेलचे पाणी मचूळ आहे तेथे समुद्रकाठचे पास्पॅलम हे क्षार सोसणारे गवत उपयोगी पडते, मात्र त्याला पाणी सतत हवे असते. कडुनिंबाच्या गर्द सावलीत मात्र कोणतेच गवत लादू नये. तेथे पार बांधावा, ओटा करावा किंवा जमीन सारवून ठेवावी, कारण मे महिन्यातील दुपारी माणसाला खरा गारवा त्या झाडाखालीच मिळतो.

लावणीचा हंगाम कपाशीचाच आहे. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन वाफसा आला की हरळीच्या दोन-तीन पेरांच्या काड्या चार-चार इंचांवर डोबाव्यात, एक पेर मातीत आणि शेंडा वर ठेवावा आणि हलका रोलर फिरवून माती दाबावी. तयार गवताचे चौकोनी तुकडे आणून अंथरले तर दुसऱ्या दिवशी हिरवळ दिसते, पण ते तुकडे बहुधा लाल किंवा पोयट्याच्या मातीत वाढवलेले असतात आणि खालच्या काळ्या मातीशी त्यांचा सांधा नीट जुळला नाही तर मुळे वरच्या इंचभर थरातच अडकून पडतात. त्याहून मोठा धोका बाहेरच्या मातीबरोबर आणि कच्च्या शेणखताबरोबर येणाऱ्या लव्हाळ्याचा. त्याच्या जमिनीखालच्या गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरून उपटले तर गाठी मागे राहतात आणि आठवड्यात पुन्हा पाती येतात. म्हणून लावणीपूर्वी जमीन नीट करून दोन वेळा पाणी द्यावे, जे तण उगवेल ते गाठीसकट खणून काढावे, आणि मगच गवत डोबावे. यात जाणारे पंधरा दिवस वाचवण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांना पुढे कित्येक पावसाळे निंदण करावे लागते.

कापणीचा नियम एकच लक्षात ठेवावा : एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. साध्या हरळीची उंची इंच-दीड इंच ठेवावी आणि उन्हाळा जवळ आला की ती थोडी वाढू द्यावी, कारण उंच पाते मुळांवर सावली धरते आणि मुळे खोल जातात. नियमित कापणीने तुरेही येत नाहीत, आणि हे आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण हरळीचे पराग दम्याच्या आणि शिंकांच्या रुग्णांना त्रासदायक ठरतात. पावसाळ्यात गुंठ्याला महिन्याकाठी एक किलोच्या आत युरिया, दोन हप्त्यांत विभागून, पुरे होतो. उन्हाळ्यात झोपलेल्या गवताला खत घालू नये. ऑगस्टमध्ये नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर ती लोहाची उणीव समजावी. चुनखडीच्या जमिनीत लोह असते पण ते बांधलेले राहते, त्यामुळे हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून उपयोग होत नाही. लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात त्याची पानांवर फवारणी करावी, आणि फरशीवर उडू देऊ नये, कारण त्याचे तांबूस डाग जात नाहीत.

किडींमध्ये हुमणी ही मुख्य. पहिल्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, आणि त्यांच्या अळ्या पुढे गवताची मुळे खातात. गवताचा पट्टा चादरीसारखा हाताने उचलला जाऊ लागला की त्यांचे काम लक्षात येते. भुंगेरे निघतात त्या संध्याकाळीच फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, एवढ्याने घरगुती जागेत बहुधा भागते. औषधांबाबत हात आखडता ठेवावा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात जावे लागले. शेतात पीक वाचवण्याची निकड तरी असते. ज्या गवतावर रांगती मुले खेळणार आहेत आणि ज्याची कापलेली पाती शेजारच्या शेळ्यांना घातली जाणार आहेत, तेथे तणनाशक किंवा कीटकनाशक मारण्याचे कोणतेही समर्थन होत नाही. खुरपे पुरेसे आहे.

नव्या हिरवळीचा पहिला उन्हाळा मात्र वेगळा समजावा लागतो. जूनमध्ये लावलेल्या हरळीच्या काश्या पुढच्या मार्चपर्यंत पुरेशा खोल आणि जाड झालेल्या नसतात, म्हणून त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे, वर अर्धा इंच चाळलेल्या कंपोस्टचा थर पसरावा आणि दुपारी त्यावर वावर टाळावा. दुसऱ्या वर्षापासून हे पाणी महिन्यातून एकदा देण्यावर आणता येते.